केदारखेड्याचं इंजिन

कागद जपणाऱ्या माणसांचा जहांगीरला पहिल्यापासून तिटकारा. जालन्यात भोकरदन नाक्याजवळ त्याचं गॅरेज. वय एकसष्ट. शाळा सातवीपर्यंत, तीही उर्दूतून. गाडी रस्त्यावरून आत वळायच्या आधी तो सांगायचा, कितव्या सिलिंडरला त्रास आहे. सांगून झालं की मालकाकडे असा बघायचा, की मालकाला गाडी घेतल्याचाच पश्चात्ताप व्हावा. लॅपटॉप जोडून गाडी तपासणाऱ्यांना तो कंपाउंडर म्हणायचा. इंजिनावरचा नंबर वाचणारा मिस्त्री म्हणजे त्याच्या लेखी आंधळा.

या सगळ्या यादीत भालचंद्र सर्वांत वर. बँकेतून निवृत्त झालेला माणूस. वडिलांनी सहासष्ट साली घेतलेली मोटार त्याच्याकडे होती. दुधाच्या सायीच्या रंगाची, गोल पाठीची. ती चालवताना तो पांढरे हातमोजे घालायचा.

"ही गाडी नाही जहांगीरभाई, वारसा आहे."

"वारसा जरा बाजूला घ्या साहेब. मला ऑइल काढायचंय."

पन्नास वर्षांवरच्या मोटारींना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, हे भालचंद्रला कुणीतरी सांगितलं. गाडी मूळ रूपात हवी आणि तसा पुरावा हवा. जुन्या आरसी बुकातली इंजिन नंबरची ओळ वाळवीनं खाल्ली होती. गाडी बनवणारा कारखाना कधीच बंद पडलेला. पण त्याची काही रजिस्टरं मुंबईत एका म्हाताऱ्या कारकुनानं घरी जपून ठेवली होती. भालचंद्रनं त्याला सहा महिने पत्रं लिहिली.

"रद्दीवाल्याशी सोयरीक जमवून राह्यले साहेब," जहांगीर म्हणायचा. "गाडी चालती ना? मंग कागद कायको पायजे?"

पावसाळा संपता संपता भालचंद्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एक छापील फोटो घेऊन आला. रजिस्टरचं पान. त्यात एका ओळीत त्याची गाडी. चेसिस नंबर, इंजिन नंबर, रंग, कारखान्याबाहेर पडल्याची तारीख. भालचंद्रनं हातमोजे काढले, बॉनेट उघडलं, फडक्यानं इंजिन पुसलं आणि मोठ्यानं नंबर वाचला. मग कागद वाचला. मग परत इंजिन.

चेसिस जुळला. इंजिन जुळलं नाही.

"हे इंजिन या गाडीचं नाही," तो म्हणाला.

जहांगीर हसला. "तुमचा कारकून चष्मा विसरला असंल."

"आकडे स्पष्ट आहेत. बघा तुम्ही."

जहांगीरनं कागदाकडे बघितलंही नाही. त्यानं इंजिनाच्या मागच्या अंगाला हात घातला. भालचंद्रच्या वडिलांनी सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात बदनापूरहून येताना पाण्याशिवाय गाडी हाणली होती. ब्लॉकला तडा गेला. तो जहांगीरनं स्वतः पितळ भरून सांधला होता. बोटांना लागेल असा, वीतभर वळ.

बोटं फिरली. लोखंड सपाट होतं.

त्यानं पुन्हा फिरवली.

इंजिन या गाडीतून एकदाच उतरलं होतं, अठ्ठ्याऐंशी साली. त्याच आठवड्यात केदारखेड्याच्या तातेरावचं पण उतरलं होतं. तातेरावची अशीच मोटार, केदारखेडा ते जालना सवाऱ्या मारायचा. दोन्ही ब्लॉक एकाच टेम्पोतून बोरिंगला, म्हणजे आतून घासून घ्यायला, औरंगाबादला गेले. तिथं कॉस्टिक सोड्यात धुतले, तेव्हा कुठला कुणाचा ते कळावं म्हणून लावलेला खुणेचा रंग गेला. परत आल्यावर बोरिंगवाल्याचा माणूस म्हणाला होता, नंबर बघून घ्या. पंचवीस वर्षांच्या जहांगीरनं त्याला वेड्यात काढलं होतं. माझा माल मी ओळखतो. त्यानं हाताखालच्या पोराकडून दोन्ही ब्लॉकवर काळा रंग मारून घेतला आणि बसवून टाकले.

भालचंद्रच्या वडिलांची गाडी त्यानंतर कधीच गरम झाली नाही. जहांगीरला वाटलं, आपल्या हाताची करामत. मागे हात घालून बघायची गरज त्याला छत्तीस वर्षांत पडली नाही.

भालचंद्र आता हळू आवाजात बोलत होता. "कसं बदललं, कुणी बदललं, ते जाऊ द्या. तुमच्याकडे नंबराचे पंच आहेत. हा घासून टाका, रजिस्टरमधला ठोका. कुणाला कळणार आहे?"

वारसा, वारसा म्हणणारा हा माणूस. जहांगीरला थुंकावंसं वाटलं. पण त्यानं पंचाचा डबा उघडला. तीन घेतला. सात घेतला. एवढे आकडे ठोकले की संपलं. कागद आणि इंजिन जुळणार. जहांगीरच्या गॅरेजमधून कधी कुणाचा पार्ट दुसऱ्याच्या गाडीत गेला नाही, हे तो चाळीस वर्षं सांगत आला, ते तसंच राहणार.

मग त्यानं पंच डब्यात टाकले.

"न्हाई होत साहेब. दुसरीकडं बघा."

"अहो, पण कारण काय?"

"घरी जावा."

भालचंद्र गेल्यावर फोल्डर तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घेऊन जहांगीर स्कूटरवर निघाला. वाटेत राजूरला चहालाही थांबला नाही. केदारखेड्याच्या फाट्यावर हॉटेलात त्यानं विचारलं, तातेराव कुठं राहतात.

"कोण, किटलीतात्या? ते काय, बसलेत."

किटली. हे नाव जहांगीरनंच ठेवलं होतं. इंजिन बसवून महिना झाला तसा तातेराव गॅरेजवर आला होता. गाडी उकळती, म्हणाला. आवाज पण माझ्या गाडीचा न्हाई. राजूर लाइनचे दहा ड्रायव्हर तिथं उभे होते. जहांगीर म्हणाला होता, गाडी तुझ्यानं चालत न्हाई, तू किटली चालव. सगळे हसले. पुढे वर्षभर गाडी घाटात, चढावर, बाजाराच्या दिवशी उकळत राहिली. सवाऱ्या दुसऱ्या गाडीत बसू लागल्या. तातेरावनं ती जालन्याच्या भंगारात घातली आणि पुन्हा स्टिअरिंग धरलं नाही.

बाकावरचा म्हातारा जहांगीरला निरखून बघत होता.

"जहांगीर मिस्त्री ना तू? म्हातारा झाला की."

"तातेराव, तुमच्या गाडीत दुसऱ्याचं इंजिन बसवलं मी. फुटका ब्लॉक होता. तुमचा चांगला होता, तो सायबाच्या गाडीत गेला." त्यानं फोल्डर पुढे केला. "हे बघा. कारखान्याचं रजिस्टर."

तातेरावनं फोल्डर घेतला नाही.

"मी तुला तवाच सांगितलं व्हतं. आवाज माझा न्हाई म्हणून. मला कागद लागला न्हाई." तो चहाचा घोट घेऊन थांबला. "तुला लागला?"

जहांगीर त्याच्या शेजारी बाकावर टेकला.

"तवा दहा माणसांत बोलला व्हता. आता माझ्या कानात काय सांगतो? उठ. मोठ्यानं सांग."

जहांगीर उठला. हॉटेलात सात-आठ माणसं होती. त्यांतल्या निम्म्यांचा जन्म अठ्ठ्याऐंशीनंतरचा. त्यानं सगळं सांगितलं. ब्लॉक, कॉस्टिक, नंबर वाचला नाही ते. आपल्याला गाडीतलं कळतं म्हणून वाचला नाही, हेही सांगितलं. लोकांनी मोबाइल खाली करून ऐकलं. एकानं विचारलं, कोणती गाडी? दुसऱ्यानं विचारलं, आता भरून देणार का? मग ते परत मोबाइलमध्ये गेले.

जहांगीर उभाच होता. हॉटेलवाल्यानं गल्ल्यावरून हाक मारली.

"किटलीतात्या, पाव्हण्याला पण चहा का?"

"दे," तातेराव म्हणाला.