केंद्रकातला हिरवा उजेड

गायकवाड मॅडम नसत्या तर मी डाळज गावाच्या बाहेर पडलो नसतो. आमच्या घरात आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बारामतीच्या कॉलेजात त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं, पीएच.डी.ला घेतलं, माझं इंग्रजी चुकलं तर चारचौघांत न बोलता बाजूला घेऊन सुधारलं. त्यांच्याशी मी काय केलं, हे गेल्या आठवड्यापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं—बायकोलाही नाही.

आधी काम सांगतो. पेशीत प्रत्येक प्रथिनाची कामाची जागा ठरलेली असते. प्रथिनाच्या साखळीतला एखादा भाग—त्याला डोमेन म्हणतात—ते कुठं जाणार हे ठरवतो. कुणी केंद्रकात जातं, कुणी पेशीच्या पडद्यापाशी. माझा दावा असा, की एक डोमेन प्रथिनाला केंद्रकात नेतं. त्या डोमेनला हिरवं चमकणारं प्रथिन जोडायचं आणि उजेड कुठं दिसतो ते पाहायचं.

बहुतेक पेशींत उजेड सगळीकडे पसरलेला असायचा. थोड्यांतच केंद्रक उठून दिसायचं. दाखवायला मी फोटो त्यांचेच निवडले. आमच्याकडं डाळिंबाचं क्रेट भरताना वरच्या थराला देखणी फळं लावतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही—की वाटलं होतं?

मग सारिका आली. माळेगावची, मला ज्युनिअर, त्याच प्रकल्पात. तिनं डोमेन न जोडता नुसतं चमकणारं प्रथिन पेशींत घातलं—जे मी आधीच करायला हवं होतं. ते इतकं लहान असतं की केंद्रकात आपसूक शिरतं. चहाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाली, "दादा, नुसतं हिरवं बी आत शिरतंय की. मग तुमच्या डोमेननं येगळं काय केलं?"

"तुझ्या हातनं चहा नासतो," मी म्हणालो, "पेशींचं काय घेऊन बसलीस?"

सगळे हसले. तीही हसली, कसंनुसं. आणि मला बरं वाटलं. शी.

तिथंच थांबलो असतो तर? पण मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. "तुझं आणि तिचं जुळत का नाही रे?" शोधनिबंध पाठवायचा होता. प्रकल्पात तिची जागा राहते की जाते, ते माझ्या उत्तरावर होतं, आणि हे मला माहीत होतं. मी मान खाली घातली—हळहळल्यासारखी—आणि म्हणालो, "पोरगी कष्टाळू आहे, मॅडम. पण तिचा हात बसत नाही. पेशी मरतात तिच्या." आधी कौतुक केलं, म्हणजे खोटं पटतं. पटलं.

तिला काढलं. आता ती एमआयडीसीतल्या एका कंपनीत पाकिटं तपासते. मी नावाआधी डॉक्टर लावतो. गावानं फेटा बांधला तेव्हा माझी मान ताठ होती. त्या मानेची मला किळस येते.

गेल्या आठवड्यात मॅडमना पत्र पाठवलं. ते असं:

"आदरणीय मॅडम,

सारिकाच्या पेशी मरत नव्हत्या. तुम्ही विचारलंत त्याच्या आदल्या दिवशी, ती जेवायला गेली असताना, मी तिच्या प्लेटा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या. पेशी जिवंत होत्या, माझ्यापेक्षा चांगल्या वाढलेल्या. डोमेन नसतानाही उजेड ती म्हणाली तिथंच होता. माझे मूळ फोटो सगळे सोबत आहेत, न निवडता. तिलाही हेच पाठवलं आहे.

तिची चूक असेल असं मला एक क्षणही वाटलं नव्हतं."