पिसवांचं कुटुंबनियोजन

कुत्र्यासाठी आणलेली गोळी माझ्या नवऱ्याने खाल्ली, ही या सगळ्या प्रकरणातली त्यातल्या त्यात साधी गोष्ट.

झालं असं, की मुरुडच्या आमच्या घरात पिसवा झाल्या. बंड्या कुत्रा खाजवायचा, मनी मांजर खाजवायची आणि त्यांच्या संगतीने आम्हीही! तशात आमच्या लेकीला, सायलीला, म्हसळ्याचं स्थळ आलेलं. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत. मुलाची आई, सुनंदाताई, तेवढ्या घर बघायला यायच्या होत्या.

मी जनावरांच्या डॉक्टरांकडे धावले.

"ही गोळी पिसवांना मारत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण कुत्र्याला चावलेल्या पिसवांची अंडी पुढे वाढत नाहीत. महिन्याला एक, पोटभर जेवणानंतर. मांजराला हे पातळ औषध, खाण्यात घालून. घरातल्या सगळ्या जनावरांना द्यायचं हं, एकाला देऊन उपयोग नाही."

"आणि आत्ता आहेत त्या पिसवा?"

"त्यांच्यासाठी वेगळं औषध देतो की."

"नको, आधी ह्याचा गुण बघते," मी म्हणाले. (शहाणपणा! दुसरं काय!)

मनीने औषध घातलेला बांगडा चाटूनपुसून खाल्ला. बंड्याने मात्र भात खाल्ला, मासा खाल्ला आणि गोळी तेवढी बाजूला काढून ठेवली, पाहुण्याने चोखलेली लिंबाची फोड ठेवावी तशी. शेवटी मी ती ओल्या नारळाच्या वडीत दाबली, बशी ओटीवर ठेवली आणि बंड्याला हाका मारत वाडीत गेले. परत येते तो बशी रिकामी! शेजारी आमचे हे, बोटं चाटताहेत.

"अहो! वडी कुठाय?"

"झकास झाली होती गं! फक्त मधे काहीतरी कडक लागलं. वेलची जरा नीट कुटत जा."

मी डॉक्टरांना फोन लावला. "एका गोळीने काही व्हायचं नाही," ते म्हणाले, "तरी तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. बाकी साहेबांना पिसवा चावल्या तर निदान..." पुढचं हसण्यात बुडालं. आमचे डॉक्टरही तेच म्हणाले, फक्त जास्त वेळ हसून. ह्यांनी मात्र चष्मा लावून पाकीट वाचलं आणि हादरले.

"अगं, पोटभर जेवणानंतर घ्यायची होती! मी तर रिकाम्या पोटी घेतली!" आणि ऐन चहाच्या वेळेला मला पुन्हा पान वाढायला लावलं!

सुनंदाताई यायच्या दिवशी मी ह्यांना बजावलं, "त्यांच्यासमोर 'पिसवा' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. कळलं?"

"कळलं," हे म्हणाले. तेवढं ऐकलं नसतं तर बरं झालं असतं!

सुनंदाताई दिघीच्या बोटीने खाडी ओलांडून आल्या. ओटीवर बसल्या. मनी लगेच त्यांच्या मांडीवर! थोड्याच वेळात त्यांनी घोटा खाजवला. मग कोपर. मग, जरा आडून, पाठ. मी आत चहा गाळत होते आणि कानावर येत होतं ते असं:

"ताई, तुमच्या लक्षात आलंच असेल," हे म्हणाले. "पण काळजी नको. औषध चालू केलंय. महिन्याला एक गोळी. आता मुलंबाळं होणार नाहीत."

"अं? कोणाला?"

"ते नाव काढायचं नाही असं हिने बजावलंय."

"अहो, पण लग्नाआधीच..."

"आधीच सुरू केलेलं बरं. डॉक्टर म्हणाले, घरातल्या सगळ्यांनाच द्या. परवा तर मीसुद्धा खाल्ली!"

मी गाळणं टाकून बाहेर आले, तोवर सुनंदाताई चपला घालून फाटकापाशी पोचल्या होत्या. सायली खांबाला धरून पांढरीफटक. मी अनवाणी धावले आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "ताई, थांबा! पिसवांना! पिसवांना मुलं होणार नाहीत!"

समोरच्या खिडक्या उघडल्या. कुणीतरी रेडिओ बंद केला.

सुनंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग मनीकडे, मग खाजवणाऱ्या बंड्याकडे. आणि हसू लागल्या! फाटकाला धरून, डोळ्यांना पदर लावून, शेवटी पायरीवर बसून हसल्या. ह्यांनी गोळी खाल्ल्याचं सगळं प्रकरण मी सांगितलं तेव्हा तर त्यांना पाणी द्यावं लागलं.

"मला वाटलं, हे कुठलं घराणं, जावयाचीसुद्धा गोळी तयार ठेवलीय!" त्या म्हणाल्या. "अहो, आमच्याकडे तीन मांजरं आहेत. मी घरी पिसवांवरूनच तर ओरडत असते! औषध कुठून आणलंत?"

लग्न थाटात झालं. मी पैठणी नेसले, नथ घातली, वरमाईशेजारी ऐटीत उभी राहिले. विहीणबाईंनी आपल्या साऱ्या गोतावळ्याला बोलावून माझी ओळख करून दिली, "ह्याच त्या, पिसवांवाल्या!"

मी हसून नमस्कार केला. आणि देवाशपथ सांगते, नेमकी त्याच क्षणी माझी पाठ खाजू लागली!