ओहोटीशी घासाघीस

पैसे वाचवण्यासाठी माणूस किती खर्च करू शकतो हे बघायचं असेल, तर माझ्या नणंदेच्या यजमानांबरोबर एकदा समुद्र ओलांडावा. समुद्र फार मोठा नाही. त्यांच्या ताईचं कोकणातलं गाव खाडीच्या मुखापलीकडे आहे आणि फेरीबोट दहा मिनिटांत पोचवते. पण त्या दहा मिनिटांचा भावोजींनी जेवढा अभ्यास केला, तेवढा नोकरीत केला असता तर साहेब होऊन निवृत्त झाले असते. बोटीत गाडी चढवली की तिकीट जास्त. म्हणून गाडी अलीकडे ठेवायची, माणशी तिकीट काढायचं आणि पाण्यावर असतानाच पुढच्या प्रवासासाठी कुणाच्या तरी गाडीत ओळख काढायची, हा त्यांचा शोध. नणंद त्या वेळी कठड्याला टेकून दुसऱ्याच कुटुंबातली असल्यासारखी उभी असते. एकदा भाच्यासाठी सायकल न्यायची होती. सायकलला वेगळं तिकीट पडतं म्हटल्यावर त्यांनी ती सुटी करून चादरीत बांधली. तिकीटवाल्याने "हे काय?" विचारलं, तर म्हणाले, "अंथरूण."

"अंथरुणाला पेडल?"

"पुण्यात असतात," असं म्हणून ते पुढे गेले. पलीकडे ती जोडायला मेकॅनिकने जे घेतले, त्यात सायकल वर्षभर ये-जा करू शकली असती.

एका भाऊबीजेला आम्हीही बरोबर गेलो. माझ्या यादीत पाणी, गोळ्या, जादा चपला असं सगळं होतं. "फेरीबोटीनेच जाणे" एवढं लिहायचं राहिलं. भावोजींनी पुढच्या वाडीतून सुटणारी एक होडी शोधून काढली होती. होडीवाल्याने पाचशे सांगितले, यांनी दोनशे. मग मंडईतल्यासारखी पाठ फिरवून ते माडाखाली जाऊन बसले. "थांबा वहिनी. संध्याकाळी मेथीसुद्धा निम्म्यात मिळते."

पलीकडच्या धक्क्यावर ताई उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, मधुमेहाच्या, आणि भावाला ओवाळल्याशिवाय घास न घेणाऱ्या. त्यांचा फोन आला. "अरे, दिसतोयस मला तू. बसलायस काय?"

"ताई, तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्वही आण बरोबर, पण ये. चक्कर येतेय मला."

भावोजी ताडकन उठले. पण भाव होता तिथेच होता, पाणी मात्र ओसरलं होतं, आणि होडी चिखलात बसली होती.

"आता भरतीलाच," होडीवाला म्हणाला. "मघापासून सांगतोय."

लांब, जिथे पाणी शिल्लक होतं, तिथे मासेमारीची एक होडी उभी होती. भावोजींनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात शिरले. चार पावलांत दुमडलेलं फुकट गेलं.

"अहो, किती घेणार ते तरी विचारा!" नणंद ओरडली.

त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. अर्ध्या तासाने फोन आला, "ओवाळलं. जेवतेय ती." एवढंच. किती दिले, ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

आता ताईंना मुलाने पुण्याजवळ वाघोलीला आणलं आहे. मधे समुद्र नाही, फक्त नगर रस्ता. बसच्या तिकिटाचा टप्पा वाचवायला पुढच्या थांब्यापर्यंत चालत जाणारे भावोजी भाऊबीजेला सकाळी सातलाच कोथरूडहून थेट रिक्षा करतात. ताईंना हल्ली फारसं आठवत नाही. ओवाळून झालं की त्या विचारतात, "होडी मिळाली का रे लगेच?"

"मिळाली ना," ते म्हणतात. "आलो, तसा बसलो."