भिंतीवरची फिकट जागा

"त्या घराला तहान लागते," असे शेजारी म्हणत. थंडी सुरू झाल्यापासून वाफेवालीच्या हीटरवर रोज काठोकाठ भरलेले पातेले चढे आणि संध्याकाळपर्यंत ते ठणठणीत कोरडे होई. एवढे पाणी पिते कोण, हा प्रश्न जिन्यात आवाज खाली आणून विचारला जाई. समोरच्या दारातल्या बाईंना सगळे पाठीमागे 'दवंडी' म्हणत. त्यांचे उत्तर तयार असे. "त्या पोरींची गेलेली आई. दुसरं कोण पिणार?"

वाफेवाली म्हणजे कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्री करणारी थोरली बहीण. धाकटी दम्याने अंथरुणाला खिळलेली. त्यांची आई आदल्या हिवाळ्यात गेली, तेव्हापासून घरात या दोघीच. हीटरच्या कोरड्या हवेने धाकटीचे ओठ फुटत आणि नाकातून रक्त येई. म्हणून डॉक्टरांनी सांगितले होते, खोलीत थोडी ओल राहू द्या.

थोडी म्हणजे किती, हे वाफेवालीने आपल्या धंद्यातल्या मापाने ठरवले. इस्त्रीखाली घेण्याआधी कापड गालाला लावून पाहायचे. गार लागले पाहिजे, ओले लागता कामा नये. ती रोज धाकटीच्या उशीचा अभ्रा गालाला लावी. दिवसभर वाफेत उभ्या राहिलेल्या बाईला तो कोरडाच वाटे. मग ती पातेले पुन्हा भरी, खाटेभोवती ओल्या चादरी टांगी आणि खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबी. बहिणीचा जीव तिच्या हातात होता आणि त्या हातांवर तिचा पुरा भरवसा होता.

काचा आतून पांढऱ्या झाल्या. त्यांवरून ओघळ उतरत, तेव्हा रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाटे, आतून कोणी बोटे ओढत आहे. कपाटातल्या कपड्यांना तळघराचा वास येऊ लागला. आणि एका तिन्हीसांजेला कुलूप काढताना वाफेवालीला आतून बोलणे ऐकू आले.

"कुणाशी गं?"

"आईशी," धाकटी म्हणाली. "ती बघ ना, घड्या घालतेय."

खाटेसमोरची भिंत बाहेरच्या अंगाची, घरातली सर्वांत थंड. तिच्यावर काळसर बुरशी चढली होती आणि त्या काळोखाच्या मधोमध एक फिकट जागा उरली होती. डोके, उतरते खांदे, किंचित वाकलेली पाठ. तिथेच स्टूल टाकून आई वर्षानुवर्षे भिंतीला टेकून कपड्यांच्या घड्या घालीत असे.

वाफेवालीने दिवा लावला. आकार गेला नाही.

त्यानंतर तो दिवसेंदिवस स्पष्ट होत गेला. "आज मान दिसतेय बघ," धाकटी सांगे. सांगताना तिला धाप लागे, तरी चेहरा मात्र शांत असे. वाफेवाली भिंतीकडे पाठ करून जेवू लागली. पाठीला काहीतरी गार लागे, ओले नव्हे.

डॉक्टर आले ते दारातच थबकले. नाकाला रुमाल लावून त्यांनी आधी भिंत पाहिली, मग धाकटीची छाती तपासली.

"अहो, हवा कोरडी नको म्हणालो होतो. तुम्ही घराची न्हाणी केलीत! ही बुरशी श्वासाबरोबर हिच्या छातीत जातेय. भिंत साफ करा, खिडकी उघडा. असंच राहिलं तर हिवाळा काही निघायचा नाही."

"ताई, तिला हात लावू नकोस," धाकटी म्हणाली. "मी तुझ्या पाया पडते. ती पुन्हा जाईल गं."

वाफेवाली भिंतीजवळ गेली आणि तिने फिकट जागेवरून बोट फिरवले. बोट किंचित ओशट झाले. टेकून बसणाऱ्या आईच्या केसांचे, अंगाचे तेल. ती गेल्यावर वरून दिलेला रंगही त्याला अडवू शकला नव्हता. तेल मुरलेल्या जागी पाणी शिरले नाही, म्हणून बुरशी धरली नाही. कारण कळले, तरी अंगावरचा काटा काही उतरला नाही.

धाकटीला तिने स्वयंपाकघरात निजवले, दार ओढून घेतले, तोंडाला फडके बांधले. फिकट आकाराला ती शिवलीच नाही. ती केवळ भोवतीचे काळे पुसत गेली. आधी खांद्यांची कड गेली, मग पाठीची. शेवटी डोक्याभोवतीची कडही निघाली तेव्हा भिंत सगळीकडून सारखी झाली आणि तिथे बसलेले कोणी उरले नाही. दाराआड धाकटी हुंदके देत होती.

आता त्या भिंतीवर हवेतली ओल मोजणारे एक लहानसे काट्याचे यंत्र आहे. काटा हिरव्या पट्ट्याच्या खाली आला तर पातेले भरायचे, वर गेला तर खिडकी उघडायची. वाफेवाली ती रोज सकाळी थोडा वेळ उघडतेच. चादरी गच्चीवर वाळतात. धाकटीची धाप उतरली, पण ताईशी ती बरेच दिवस बोलली नाही.

दवंडीबाईंना मात्र राहवेना. जिन्यात गाठून त्यांनी विचारलेच, "सख्ख्या आईला पुसून टाकताना हात कसा गं धजावला तुझा?"

"ती आई नव्हतीच. आई असती तर धाकटी गुदमरत असताना घड्या घालत बसली नसती. उठून खिडकी उघडली असती."