आयव्हीने घातलेली कडी

आयव्ही, तुझ्यावर लिहायचं म्हटल्यावर तू हातच झटकले असतेस. माझ्यावर काय लिहायचंय, त्या गाण्यांच्या तबकडीवर लिही, म्हणाली असतीस. दोन्हींवर लिहिते. आता तुला मधे तोंड घालता येत नाही, तेव्हा सरळ गोष्टीसारखं सांगून टाकते.

आयव्ही ऑर्मरॉइड आठवडाभर गिरणीत काम करायची आणि शनिवारी कामगार क्लबाचं स्वयंपाकघर सांभाळायची. कणकेच्या पारीत मटण भरून भाजलेल्या पाई, शिजवून गाळ झालेला वाटाणा, वर व्हिनेगर. त्या वासाचा तिला इतका वीट आला होता की स्वतःसाठी ती घरून पाव-चीज बांधून न्यायची. बियरने ओल्या झालेल्या मिशा घेऊन वाढपाच्या खिडकीत डोकं घालणाऱ्या पुरुषांचाही तितकाच.

एकोणीसशे बहात्तर साली तिच्याच गल्लीतल्या रोलंड क्रॉसलीच्या बँडने क्लबात आपली दुसरी तबकडी सलग वाजवायचं ठरवलं. पहिलीतल्या एका नाचऱ्या गाण्यावर त्यांचं थोडं नाव झालं होतं आणि लोकांना तेच हवं होतं. दुसरी अगदी निराळी. गावाच्या वरची दरी गिरण्यांच्या पाण्यासाठी धरणाखाली गेली होती, त्या दरीचं ते एकच लांबलचक गाणं. शेवटी तर नुसती बुडालेल्या घरांची नावं, तळापासून माथ्यापर्यंत. प्रत्येक फेरीला पाणी चढतं, खालचं एक नाव गळतं आणि त्याच्या जागी ड्रमचा एक ठोका उरतो. सगळ्यात आधी गळतं ते लो क्लफ. आयव्हीची आई तिथे जन्मली होती आणि त्या घराबद्दल तिने जन्मात चकार शब्द काढला नव्हता.

नावाच्या जागी ठोका पडला तशी खिडकीआड आयव्ही हातातलं फडकं धरून उभीच राहिली.

बाहेरच्या म्हाताऱ्यांना वाटलं, पोरं शब्द विसरली. एकाने मदत म्हणून ओरडून लो क्लफ पुरवलं. पुढच्या फेरीला दुसऱ्याने थॉर्न बँक. मग चढाओढच लागली. ठोका पडला रे पडला की सगळे मिळून नाव ओरडणार आणि खिदळणार. आयव्हीला शिसारी आली.

क्लबाची रीत अशी की पाई ओव्हनमधून निघाल्या की करमणूक चिटणीस तसं जाहीर करणार, मग गाणं कुठे का असेना. चिटणीस हार्टली सटक्लिफने खिडकीवर टकटक केली. आयव्हीने आतून कडी घातली.

"आयव्ही, झाल्या ना गं पाई?"

"झाल्या की सांगेन."

"अगं बाई, करपल्याचा वास येतोय."

"करपू देत. त्या पोरांचं संपू दे."

हार्टली मागच्या दाराने आत आला, ट्रे स्वतः बाहेर काढले, एक तिच्या हातात कोंबला, खिडकी उघडली आणि माइकवर जाऊन म्हणाला, पाई आल्या, मंडळी. खुर्च्या सरकल्या. माथ्यावरची तीन घरं अजून बुडायची होती.

रोलंड गिटार ठेवून खिडकीशी आला. "आयव्ही आंटी, तुमच्या पाईंना जरा दम धरवला नाही का हो?"

तिने हातातला ट्रे त्याच्यासमोर ठेवला. ज्याला ठोक्यात बुडालेलं घर ऐकू येतं, त्याला समोरच्या ट्रेमधल्या काळ्याठिक्कर पाई दिसू नयेत? हार्टलीपेक्षा तिला याचाच तिटकारा आला.

तबकडी खपली नाही, बँड मोडला. रोलंड गॅसच्या शेगड्या बसवू लागला आणि खाटकाकडे आयव्ही दिसली की तोंड फिरवू लागला. आयव्हीने एक प्रत विकत घेतली होती. रविवारी ती लावायची. तेवढ्यात दारावर कुणी आलं तर त्याने गाणं संपेपर्यंत बाहेर उभं राहायचं, मग ते पाद्रीबाबा असोत.

पुढे सगळ्यांचे केस पिकल्यावर लंडनच्या कुणी तरी ती तबकडी नव्याने काढली. गावाला एकदम अभिमान वाटू लागला. क्लबात समारंभ झाला. तबकडी लावली आणि शेवटच्या ठोक्यांवर एक दाढीवाला विद्वान माइकमधून सांगत होता की ही शांतता किती महत्त्वाची आहे. आयव्हीने कान झाकले. मग पाहुणा म्हणून रोलंड उठला. आमच्या सगळ्यात थोर कामाचा जीव एका बाईच्या पाईंनी घेतला, म्हणाला, आणि स्वयंपाकघराकडे बोट केलं. सभागृह हसलं. तिच्या शेजारी बसलेल्या बाईने कौतुकाने तिची मांडीही थोपटली. हार्टली मरून गेलेला. खरं सांगणारं आता तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

माझ्याबरोबर घरी येताना ती रस्त्यात थांबली. "तू जाऊन सांग त्याला. म्हणावं, कडी होती. आतून."

"तूच सांग."

"त्याचं तोंड बघितलं की मला ओकारी येते."

शेवटी ठरलं ते असं: रोलंड आता गावाबाहेर राहायला गेला होता, तेव्हा सोमवारच्या बसने दोघींनी जायचं, आयव्हीने फाटकाबाहेर उभं राहायचं, मी दार वाजवायचं. सोमवारी तुझे पाय सुजले. पुढच्या सोमवारी म्हणालीस, एवढ्या लगेच गेलो तर त्याला वाटेल माफी मागायला आले. मग बर्फ पडलं, मग तू गेलीस. रोलंडने हे भलं मोठं फुलांचं चक्र पाठवलं, चिठ्ठीवर पाईचा विनोद लिहून. ती मी फाडली.

त्या बसमध्ये मात्र आपण चढलोच नाही.