अर्धी राहिलेली ओळ

महाल भागातल्या एका छापखान्यात रुपराव वानखेडे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. शिक्षण सातवीपर्यंतच, पण शाळेत लागलेली मात्रा मोजायची सवय सुटली नव्हती. ऱ्हस्वाची एक, दीर्घाच्या दोन. कविता हाती आली की ओठ आपोआप हलायचे.

१९७३च्या मे महिन्यात एका शाळेच्या स्मरणिकेसाठी नरखेडकडच्या मनकर्णाबाई मास्तरणींची कविता आली.

पाणी सरले विहिरीमधले
पान गळाले संत्र्यांवरले
वारा फिरतो, वारा फिरतो

ओळ सोळा मात्रांची. दोन ओळींना यमक, तिसरीत तेच शब्द दोनदा. चार कडवी भराभर जुळली. पाचव्याच्या शेवटच्या दोन ओळींशी मात्र हात थांबला:

झाडे तुटली, बाग उघडली
वारा फिरतो

आठच मात्रा! रुपराव जागचा उठला, बसला. जेवणाचा डबा उघडला आणि तसाच झाकला.

"काहून पुटपुटून राहिला गा?" मालक ओरडले. "जुळवलेला फर्मा मशीनवर चढव!"

नकलताना बाईंचं राहून गेलं असणार, असं म्हणत त्यानं 'वारा फिरतो' आणखी एकदा जुळवलं. तेव्हा कुठं त्याला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनकर्णाबाई एस्टीनं आल्या. मशीन चालूच होतं. ओला कागद हातात घेऊन त्यांनी वाचला आणि चष्मा काढला.

"हे कोणं वाढवलं?"

"मी, बाई. ओळ आखूड पडत होती. मले वाटलं, चुकून राहिलं."

"राहिलं नाही. मीच थांबली तिथं. विहीर आटली, झाडं वाळली, तोडली आम्ही. आता वारा येते, पण पानंच नाही, आवाज कायचा होईन?"

रुपरावनं मशीन बंद केलं. मालक चिडले, साठ कागद वाया गेले म्हणाले. फर्मा सोडून त्यानं ते खिळे उपसले. रिकामी जागा तशीच सोडता येत नव्हती, शेजारची अक्षरं ढिली पडली असती. तिथं त्यानं कोरे ठोकळे बसवले.

बाई निघाल्या. तो मागोमाग रस्त्यावर धावला.

"बाई, किती झाडं होती?"

"एकशे चाळीस," त्या म्हणाल्या आणि बसस्टँडकडे वळल्या.

आत लग्नपत्रिकांचं काम पडलं होतं. रुपराव बराच वेळ उन्हातच उभा राहिला.