चित्राखालचं नाव

कुमुददीदी गेल्याचा फोन आला तेव्हा मी महाविद्यालयाच्या वाचनालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होते. पलीकडून त्यांचा मुलगा बोलत होता. "मौसी, आई सुबह चली गई..." एवढंच तो म्हणाला. त्याला आता महिना उलटून गेला. दीदी आजारी आहेत हे ठाऊक होतं. पण जे माणूस अंथरुणावरून आपल्याला रोज एक काम सांगतं, ते जाईल असं मनात येत नाही. चारच दिवसांपूर्वी त्यांनी फोनवर मला दरडावून विचारलं होतं, "दालनाच्या खिडकीले पडदा लावला का? ऊन सरळ चित्रावर येऊन राहिलं असेल."

रायपूरच्या आमच्या महाविद्यालयात वरच्या मजल्यावर जुन्या चित्रांचं एक दालन आहे, हे शहरातल्या पुष्कळांना माहीत नाही. मलाही नोकरी लागून वर्ष होईपर्यंत माहीत नव्हतं. एका कपाटाची किल्ली मागायला म्हणून वर गेले, तर किल्ली हातात देता देता दीदी म्हणाल्या, "आली तशी पाहून तर जा. काहून एवढी घाई करून राहिली?" त्या दालनाच्या सहायक होत्या. वडील रेल्वेत, मूळ घर वर्ध्याकडचं. चित्रकलेचं शिक्षण नाही. कार्यालयातून बदली होऊन इथे आलेल्या. पण कोणाला चित्र दाखवताना त्या कधी चित्रासमोर उभ्या राहत नसत. जरा बाजूला सरकत आणि पाहणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत. तुम्ही जिथे थबकलात, तिथूनच त्यांचं बोलणं सुरू व्हायचं.

मी थबकले ती एका पेन्सिलच्या चित्रापाशी. महाविद्यालयात फार पूर्वी एक चित्रकला शिक्षक होते. सुटीच्या दिवशी ते आसपासच्या बाजारांत बसून माणसं काढायचे. त्यांच्याच हातचं हे चित्र. टोपल्यांच्या ढिगामागे बसलेली मध्यमवयीन बाई, हातभर गोंदलेलं, उजव्या कानाची पाळी चिरलेली. नजर अशी, की आता भाव करेल. खाली पट्टी होती, 'अज्ञात ग्रामीण स्त्री'. "शेजारच्या तैलचित्राखाली बघ," दीदी म्हणाल्या, "साहेबाचं नाव, हुद्दा, सारं लिहिलं आहे. अन् हिले काय नावच नव्हतं?" त्यांच्या आवाजात खरंच राग होता, कोणी घरच्या माणसाचा अपमान करावा तसा.

चित्राच्या मागे शिक्षकांनी फक्त 'अभनपुर बाजार' एवढंच लिहिलेलं. तेवढ्यावर दीदींनी चित्राची छायाप्रत काढली आणि बाजाराच्या दिवशी बसने अभनपुरला जायला लागल्या. मी दोनदा सोबत गेले. भाजीवाल्या, बांगड्यावाल्या, सगळ्यांपुढे त्या कागद धरायच्या. लोक हसायचे. कोणी म्हणायचं, इतकी जुनी बाई आता कोण ओळखणार? परतताना मी एकदा म्हटलं, "जाऊ द्या ना दीदी." पुढच्या बाजाराला त्यांनी मला बोलावलंच नाही. ती खेप माझी हुकली याची हळहळ मला अजून आहे... कारण त्याच दिवशी बांबूच्या टोपल्या विकणाऱ्या मोंगराबाई नावाच्या म्हातारीने कागद हातात घेतला आणि ओरडली, "ए तो मोर बूढ़ी दाई ए!" तिची आजी. दीदींनी विचारलं, नक्की? "हव! कान ला देख. बइला के सींग म फँस के चिरा गे रिहिस." बैलाच्या शिंगात बाळी अडकून कान चिरल्याची ही गोष्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. आजीचं नाव सुकवारो. तिचा एकही फोटो घरात नव्हता.

हे सांगायला दीदी दुसऱ्या दिवशी धावत वाचनालयात आल्या, आणि त्याच दुपारी नोटीस निघाली. दालनाच्या जागी कॉम्प्युटर कक्ष होणार, चित्रं तळघरातल्या गोदामात जाणार. तळघरात ओल होती, कागदाला वाळवी लागायला एक पावसाळा पुरला असता. मी चिडले, अर्ज करू म्हटलं. दीदी शांतपणे प्राचार्यांकडे गेल्या आणि एवढंच मागितलं, की सुकवारोच्या घरची माणसं येताहेत, त्यांनी पाहिल्यावर चित्रं हलवा.

दोन ऑटो भरून माणसं आली. मोंगराबाई नवं लुगडं नेसून, नारळ घेऊन. चित्रापुढे गेल्यावर तिने काचेवरून आजीच्या कानाला बोट लावलं आणि कितीतरी वेळ ते तसंच ठेवलं. एरवी काचेला कोणी हात लावला तर दीदी ओरडायच्या, माझ्यावरही ओरडल्या होत्या. त्या दिवशी त्या भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होत्या. प्राचार्य रीत म्हणून पाच मिनिटांसाठी आले होते. मोंगराबाईने त्यांना सरळ विचारलं, "साहेब, हमर दाई ला अब कहाँ ले जाहू?" कुठे नेणार... प्राचार्य दीदींकडे पाहत राहिले. दीदींचं तोंड अजून भिंतीकडेच होतं. शेवटी तेच म्हणाले, "कहीं नहीं ले जाएँगे, माताजी. यहीं रहेंगी." कॉम्प्युटर मागच्या इमारतीत गेले. आठवड्याने चित्राखालची जुनी पट्टी निघाली आणि नवी लागली, 'सुकवारो, टोपल्या विणणारी, अभनपुर'. ती अक्षरं दीदींनी स्वतः काढली, तीन पट्ट्या फुकट घालवून.

दीदींच्या टेबलाचा खण मी गेल्या आठवड्यात उघडला. आत एक वही होती. ज्यातल्या माणसाचं नाव अजून ठाऊक नाही, अशा प्रत्येक चित्राला तिच्यात एक पान दिलेलं. कुठे काय विचारलं, कोण काय म्हणालं, सगळं बारीक अक्षरात. शेवटच्या भरलेल्या पानावर पागोटं बांधलेल्या, एका डोळ्याने अधू असलेल्या गाडीवानाचं चित्र, आणि खाली लिहिलेलं, 'भनपुरी, तलावाजवळचा जुना पारा. रविवारी जाणे.' तारीख नव्हती.

रविवारी मी भनपुरीला गेले. ट्रकांच्या रांगा ओलांडून तो पारा, म्हणजे ती जुनी वस्ती, शोधली. तिथल्या चार-पाच घरांत वहीतलं ते चित्र दाखवलं. कोणी ओळखलं नाही. निघताना ओट्यावर बसलेले एक आजोबा म्हणाले, माझे थोरले भाऊ पुढच्या रविवारी येताहेत, त्यांना जुनं सगळं आठवतं. मी त्या थोरल्या भावांचं नाव विचारलं आणि वहीत दीदींच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात लिहून ठेवलं.